हंगामी गाडी

कोल्हापूरकडच्या माणसाला ‘हंगाम’ या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. दिवाळीच्या आगेमागे गुऱ्हाळांची चुलवाणे पेटतात, उसाच्या मोळ्या लादलेल्या गाड्या रस्ता अडवू लागतात, आणि संध्याकाळच्या वाऱ्याबरोबर उकळत्या रसाचा गोडसर, किंचित करपट वास गावात शिरतो, की हंगाम सुरू झाला. या शब्दात जागरणे आहेत, काहिलीवर वाकलेल्या गुळव्याच्या डोळ्यांतली लाली आहे, भावाची आशा आहे आणि भावाचीच धास्ती आहे. हंगाम साधला की वर्ष साधले, हे आमच्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. म्हणूनच थंड हवेच्या ठिकाणचा एखादा खानावळवाला ‘सध्या सीझन आहे’ असे म्हणतो, तेव्हा मला क्षणभर चुकल्यासारखे होते. कोशात हे दोन्ही शब्द एकमेकांसमोर बिनतक्रार बसतील. परंतु एक राबण्याचा काळ आहे आणि दुसरा लोळण्याचा. समानार्थी शब्द जुळे भाऊ नसतात, फार तर चुलत भाऊ असतात, असे मी इंग्रजीच्या वर्गात गेली तीस वर्षे सांगत आलो आहे. हे उदाहरण मात्र मला वर्गात कधी सुचले नाही. ते सुचायला एका लहानशा आगगाडीत बसावे लागले.

वास्तविक आगगाडीला हंगाम असतो ही कल्पनाच आम्हा कोल्हापूरकरांना नवी. शाहू महाराजांच्या कारकिर्दीत, १८९१ साली, मिरजेहून आमच्या गावापर्यंत रेल्वे आली, आणि तेव्हापासून ती इथेच संपते. पुढे सह्याद्री आडवा उभा आहे. त्याला ओलांडून वैभववाडीला जाणारा मार्ग कागदावर मंजूर होऊन बरीच वर्षे लोटली, तरी आमचे स्थानक अजून शेवटचेच आहे. त्यामुळे गाडी म्हणजे रोज ठरल्या वेळी येणारी, फलाटाला कपाळ टेकणारी आणि आल्या वाटेने परतणारी वस्तू, अशीच आमची समजूत. ती ऋतू पाहून बाहेर पडते आणि ऋतू पाहून घरात बसते, हे ऐकून आमच्या वडीलधाऱ्यांनी तिला नाजूक प्रकृतीची म्हटले असते.

परंतु अशा गाड्या जगात आहेत. त्यांतील एकीची ओळख मला माझ्या चिरंजीवांनी करून दिली. तो अमेरिकेत डेन्व्हर शहरी नोकरीला आहे. गेल्या हिवाळ्यात त्याने विंटर पार्क नावाच्या पर्वतस्थानाची छायाचित्रे धाडली. पांढऱ्याशुभ्र उतारावर पायांना लांब पट्ट्या बांधून मंडळी घसरत होती, आणि त्या उताराच्या अगदी पायथ्याशी आगगाडी उभी होती. ही गाडी फक्त हिवाळ्यात धावते. १९४० मध्ये ती प्रथम सुरू झाली, २००९ मध्ये बंद पडली, आणि २०१७ पासून पुन्हा धावू लागली. डेन्व्हरच्या मुख्य स्थानकावरून सकाळी निघावे, दोन-सव्वादोन तासांत सुमारे नऊ हजार फुटांवर पोचावे, दिवसभर घसरावे आणि संध्याकाळच्या गाडीने घरी यावे, असा तिथला शिरस्ता आहे. वाटेत पर्वताच्या पोटातून सहा मैलांहून अधिक लांबीचा बोगदा लागतो. तो १९२८ साली खुला झाला. ‘बाबा, पुढच्या हिवाळ्यात तुम्ही आणि आई याच. बर्फात गाडीतून जाण्यासारखी मजा नाही,’ असे त्याने खाली लिहिले होते.

मी ते पत्नीला वाचून दाखवले. ती म्हणाली, ‘अहो, पडायचेच असेल तर आपली न्हाणी काय वाईट आहे?’

तिच्या या उत्तरामागे केवळ विनोद नव्हता. दोन वर्षांपासून तिचे गुडघे कुरकुरू लागले आहेत. जिना चढताना कठड्याला धरणे, देवळात खाली न बसता खांबाला टेकून उभे राहणे, असे लहान लहान बदल घरात झाले होते. त्यांच्याविषयी कोणी बोलत नव्हते, इतकेच. डॉक्टरांनी चढ वर्ज्य सांगितले. पन्हाळा आम्हाला इतका जवळ की पाहुणे आले की झुणकाभाकरीसाठी गडावर जायचे हा घरचा कुळाचारच. पण तिथेही ती आताशा तटावर न येता गाडीतच बसून राही. डोंगर हा शब्द तिच्या बोलण्यातून हळूहळू नाहीसा होत चालला होता, आणि जिला सह्याद्रीचे निम्मे घाट नावानिशी ठाऊक आहेत अशा बाईच्या तोंडून तो नाहीसा होणे मला फार अस्वस्थ करीत होते. डेन्व्हरच्या त्या छायाचित्रावरून बोलता बोलता ती सहज म्हणाली, ‘आपल्याकडेही आहे की तशी गाडी. माथेरानची. लग्न झाल्यापासून जाऊ जाऊ म्हणतोय.’ खरेच होते. मे महिन्यात गर्दी, जून ते सप्टेंबर गाडी नाही, आणि ऑक्टोबरात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. अशी तीस वर्षे गेली.

तेव्हा गेल्या मार्गशीर्षात, परीक्षा आटोपताच, आम्ही महालक्ष्मी एक्स्प्रेसने निघालो, पहाटे कल्याणला उतरलो आणि कर्जतकडे जाणाऱ्या लोकलने नेरळला आलो.

नेरळचे स्थानक एका दृष्टीने विलक्षण आहे. इकडे रुंद रुळांवरून मुंबई-पुण्याच्या गाड्या धडाडत जातात, आणि तिकडे फलाटाच्या कुशीत दोन फूट रुंदीच्या रुळांवर आमची गाडी उभी असते. तिच्याकडे प्रथम पाहताना मोठ्या माणसांच्या पंगतीत शेवटी बसवलेल्या मुलाची आठवण होते. डबे इतके अरुंद की समोरासमोर बसलेल्या चौघांची गुडघ्यांवरून ओळख होते. माझ्या पत्नीच्या दुखऱ्या गुडघ्याला टेकलेले दुसरे गुडघे डोंबिवलीच्या एका आजीबाईंचे निघाले, आणि गाडी हलण्यापूर्वीच दोघींची औषधांची देवाणघेवाण झाली.

या गाडीचा जन्म मोठा वाचण्यासारखा आहे. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० साली चौकच्या बाजूने हा डोंगर चढले आणि माथ्यावरच्या रानाची वार्ता मुंबईच्या साहेबलोकांत पसरली. तिथे धनगर, ठाकर, कातकरी आधीपासून वावरत होते. पण ज्याने पाहिले त्याच्यापेक्षा ज्याने लिहिले त्याच्या नावावर शोध जमा होतो, ही इतिहासाची जुनी खोड आहे. पुढे अर्धशतक लोक घोड्यावरून, डोलीतून किंवा पायी वर जात. रेल्वे बांधली ती मात्र कोणा साहेबाने नव्हे. लष्कराला जोडे आणि चामड्याचे सामान पुरवून श्रीमंत झालेल्या सर आदमजी पीरभॉय यांनी पैसा दिला, त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी काम अंगावर घेतले, आणि सोळा लाख रुपये खर्चून १९०४ ते १९०७ या काळात नेरळपासून माथ्यापर्यंत सुमारे वीस किलोमीटरचा लोहमार्ग तयार झाला. सल्लागार होते एव्हरार्ड कॅलथ्रॉप.

हे शेवटचे नाव वाचून मला जुना स्नेही भेटल्याचा आनंद झाला. कारण आमच्या दक्षिण महाराष्ट्रातल्या ‘बार्शी लाईट’चे जनक हेच गृहस्थ. १८९७ साली सुरू झालेली ती अरुंद गाडी पुढे पंढरपूरला आणि तिथून मिरजेला येऊन मिळाली, आणि आषाढी-कार्तिकीला वारकरी तिच्या टपावरसुद्धा बसून गेले. माझ्या आजोबांच्या बोलण्यात तिचा उल्लेख एखाद्या खट्याळ नातवंडासारखा येई. उतरून चालावे, पुन्हा येऊन बसावे, तरी ती आपली वाटेतच, असे ते म्हणत. अतिशयोक्ती वजा केली तरी त्यांची माया शिल्लक राहते. विठोबाच्या भक्तांना नेणारी गाडी आणि मुंबईच्या शेठसाहेबांना हवापालटासाठी नेणारी गाडी यांच्यामागे एकाच इंजिनिअराचे डोके असावे, याची मला मौज वाटली.

शिटी झाली आणि आम्ही हललो. ‘निघालो’ हे क्रियापद इथे फार वेगवान ठरेल. या मार्गावर कित्येक ठिकाणी वीस फुटांमागे एक फूट चढ आहे. बोरघाटात तो सदतीस फुटांमागे एक फूट आहे आणि तरीही तिथे मागून ढकलायला इंजिने जोडावी लागतात, एवढे सांगितले म्हणजे या चिमुकल्या इंजिनाच्या छातीची कल्पना येईल. वेग धावत्या पोराइतका. पूर्वी कोळशाची इंजिने होती. आता डिझेलची आहेत. पूर्वी डब्यांच्या मधे उभे राहून इंजिनाच्या शिटीच्या इशाऱ्यावर हाताने ब्रेक आवळणारी माणसे असत. २०१६ साली डबे रुळांवरून घसरण्याचे प्रकार लागोपाठ झाले, त्यानंतर हवेवर चालणारे ब्रेक बसवण्यात आले. हे ऐकून डोंबिवलीच्या आजीबाईंनी खिडकीची दांडी जरा घट्ट धरली.

इतक्या मंद गतीने डोंगर चढण्याचा अनुभव मला पूर्वी कधी आला नव्हता. मोटारीतून घाट चढताना डोंगर आपल्या अंगावर येतो आणि मागे फेकला जातो. इथे तो आपल्याशी बोलतो. डाव्या हाताला एक झाड दिसते. त्याचे खोड, त्यावरची शेवाळाची वाळलेली कड, फांदीवरची मुंग्यांची रांग, सारे नीट पाहून होईपर्यंत ते झाड आपल्यासमोरच असते. मग गाडी वळसा घेते, आणि तेच झाड उजव्या हाताला, पण आता आपल्या पायांखाली, पुन्हा दिसते. वळणे इतकी जवळजवळ की आपल्याच गाडीचा शेवटचा डबा समोरून येताना दिसावा. त्या डब्यातली मुले आम्हाला हात करीत होती, आम्ही त्यांना करीत होतो. थोड्या वेळाने आम्ही पुन्हा एकमेकांसमोर आलो, तेव्हा जुनी ओळख असल्याप्रमाणे दोन्हीकडून हसणे झाले. खाली नेरळची घरे लहान होत गेली. उल्हास नदीची रेघ दिसू लागली. जुम्मापट्टी हे पहिले स्थानक आले. तिथे गाडी दम खायला थांबली आणि लिंबू सरबतवाले खिडक्यांशी आले.

पत्नी खिडकीपाशी बसली होती. ती फारशी बोलत नव्हती. मधेच बोटाने दाखवून ‘अंजन’, ‘हिरडा’, ‘हा कुडा’ असे झाडांचे पुकारे करी, आणि मी प्रत्येक वेळी मान डोलावी. इंग्रजी काव्यातली ओक आणि एल्म ही झाडे मी तीस वर्षे शिकवली, कुडा मला तिनेच दाखवला. एका वळणावर दरी एकदम उघडली. समोरच्या डोंगराची सोंड, तिच्या पलीकडे दुसरी, तिच्या पलीकडे निळसर तिसरी. ती म्हणाली, ‘चढतो आहोत ना आपण?’ मी म्हटले, ‘हो.’ ‘नाही, कळतच नाही म्हणून विचारले,’ असे म्हणून ती पुन्हा बाहेर पाहू लागली. या दोन वाक्यांसाठी मी सोळा लाखांचे कर्ज पीरभॉय पितापुत्रांना देणे लागतो असे मला त्या क्षणी वाटले.

पुढे या मार्गावरचा एकुलता एक बोगदा लागतो. त्याचे नाव साहेबांनी ‘वन किस टनेल’ ठेवले आहे. एका चुंबनाला पुरेल एवढीच त्याची लांबी, असा त्यातला श्लेष. अमेरिकेतल्या सहा मैलांच्या बोगद्याला हे माप लावले तर नीतिशास्त्राचे मोठेच प्रश्न उभे राहतील. आमच्या डब्यात बोगद्याचे नाव सर्वांना ठाऊक होते, त्यामुळे तो येताच सगळे जण अतिशय गंभीर चेहरे करून बसले. अंधार झाला, आणि काही करायचे मनात येईपर्यंत उजेडही झाला. आजीबाई तेवढ्या म्हणाल्या, ‘झाला?’

वॉटर पाईप स्थानक मागे टाकून अमन लॉजला आलो. इथे मला पहिल्यांदा जाणवले, की मी आतापर्यंत ज्या गाडीला सहलीची गाडी समजत होतो, तिच्याकडे पाहणारे दुसरेही डोळे आहेत. अमन लॉजजवळच दस्तुरी नाका आहे. नेरळहून येणाऱ्या मोटारी तिथे थांबतात, कारण माथेरानात मोटारींना बंदी आहे. रुग्णवाहिका तेवढी अपवाद. २००३ साली केंद्र सरकारने या डोंगराला पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरवले. तेव्हा दस्तुरीपासून बाजारापर्यंतचे अडीच-तीन किलोमीटर पायी, घोड्यावरून, हातरिक्षातून, हल्ली काही प्रमाणात ई-रिक्षातून, किंवा या गाडीतून कापायचे. नाक्यावर तांबड्या धुळीत उभे राहून माणसे ओझी वाहत होती. गॅसच्या टाक्या, तांदळाची पोती, भाजीच्या करंड्या, कोणाची तरी नवी कोरी गादी. पाहुण्यांच्या चाकांच्या पेट्या डोक्यावर घेऊन हमाल चालले होते. पेटीला चाके असून ती डोक्यावर चढलेली पाहणे मोठे चमत्कारिक वाटते.

हातरिक्षाही दिसली. एक जण पुढे ओढणारा, दोघे मागून ढकलणारे, आणि आत एक स्थूल गृहस्थ भ्रमणध्वनीवर बोलत असलेले. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या ऑगस्टमध्ये ही प्रथा सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि ओढणाऱ्यांना ई-रिक्षाच्या कामात सामावून घेण्याचा आदेश दिला आहे. माणसाने माणसाला ओढावे यात काव्य शोधणारे लोक अजूनही भेटतात. मला त्यात काव्य दिसत नाही. तो आदेश फार उशिरा आला एवढेच मला म्हणायचे आहे.

माथेरानात दोन दिवस राहिलो. कड्यांची वर्णने मी करीत बसत नाही. ती पुष्कळांनी केली आहेत, आणि पत्नीला सगळे पॉइंट पाहता येण्यासारखे नव्हतेच. आम्ही पुष्कळसा वेळ बाजारात काढला. बाजारात चिक्की आहे, मध आहे, आणि चपला आहेत. एका दुकानासमोर आम्ही रेंगाळलेले पाहून आतल्या बाईंनी हाक दिली, ‘या काका, अस्सल कोल्हापुरी आहे, घालून बघा.’

पत्नीला हसू आवरेना. ‘अहो, आम्ही कोल्हापूरचेच,’ ती म्हणाली.

बाई जराही डगमगल्या नाहीत. ‘मग तुम्हाला सांगायलाच नको, काकू. बसा,’ असे म्हणून त्यांनी स्टूल पुढे केले. त्या स्टुलावर पत्नी बसली ती तासभर. चपला घेतल्या नाहीत, चहा मात्र झाला. बोलता बोलता मी विचारले, ‘सीझन संपला की मग तुम्ही खाली जाता का?’

‘सीझन तुमचा असतो हो काका,’ त्या म्हणाल्या. ‘आमचं इथं घर आहे.’

पाऊस सुरू झाला की ओटीला झड बांधायची, दुकानाची निम्मी फळी लावायची, धान्य आधीच भरून ठेवायचे. धुके इतके की दारातला माणूस आवाजावरून ओळखायचा. नेरळची गाडी जूनच्या मध्यात बंद होते ती ऑक्टोबरापर्यंत. दरडी कोसळण्याचे भय असते. अमन लॉज ते माथेरान एवढी शटल तेवढी पावसातही चालते. आम्हा पाहुण्यांच्या हिशेबी ती नाटकाच्या तिसऱ्या अंकासारखी, एकटी पाहण्यात काय गंमत! बाईंच्या हिशेबी तीच खरी गाडी. शाळाकॉलेजची मुले, नोकरीवर जाणारी माणसे, आजारी माणूस, भाजी, सगळे तिच्यातून. २०१६ च्या मे महिन्यात गाडी घसरली तेव्हा शटलसुद्धा बंद झाली, ती दुसऱ्या वर्षाच्या ऑक्टोबरअखेर पुन्हा लागली. मधल्या पावसाळ्यात त्यांचे सासरे आजारी पडले. रुग्णवाहिका दुसऱ्या कोणाला घेऊन खाली गेलेली. ‘मग हातरिक्षात घातलं. ओढणारा आमच्या आळीतलाच, लहानपणी मामंजींच्याच खांद्यावर खेळलेला. चिखलातनं अडीच किलोमीटर नेलं त्यानं. पैसे घेतले नाहीत.’ सासरे बरे झाले का, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही, पत्नीने विचारले. ‘झाले. पुढं चार वर्षं होते,’ बाई म्हणाल्या आणि आणखी एक जोड फडक्याने पुसायला घेतला.

हातरिक्षाविषयी माझे मत या गोष्टीने बदलले नाही. परंतु त्या मताच्या शेजारी ती चिखलातली रिक्षा तेव्हापासून उभी आहे, आणि ती तिथून हलत नाही.

या गाडीला सगळे ‘टॉय ट्रेन’ म्हणतात. वर्तमानपत्रे कौतुकाने तिला ‘माथेरानची राणी’ही म्हणतात. खेळणे काय आणि राणी काय, दोन्ही कपाटात ठेवण्याच्या वस्तू! जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत ती बसली आहे. दार्जिलिंग, निलगिरी आणि कालका-सिमला या तिच्या थोरल्या बहिणी १९९९, २००५ आणि २००८ मध्ये खऱ्या यादीत गेल्या. तीही जावो. पण वारसा म्हटले की आपण वस्तूभोवती दोरी बांधतो आणि हात लावू नका अशी पाटी लावतो, हे मला जरा भीतीचे वाटते. २६ जुलै २००५ च्या पावसात हा मार्ग ठिकठिकाणी वाहून गेला, तो दोन वर्षांनी, शंभरी भरली त्या साली पुन्हा उभा राहिला. २०१९ च्या पावसाने पुन्हा तोडला. नेरळहून वर जाणारी गाडी त्यानंतर थेट २२ ऑक्टोबर २०२२ रोजी धावली.

२०१९ चा तो पावसाळा आम्ही कोल्हापूरकर विसरणार नाही. ऑगस्टात पंचगंगा गावात शिरली, शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, रेल्वे थांबली, आणि जवळजवळ आठवडाभर आमचे शहर बेट झाले. पेट्रोल मिळेना, भाजी मिळेना, दुधासाठी रांगा. शेजारच्या गृहस्थांचे इन्सुलिन संपत आले तेव्हा गल्लीतली पोरे दुकाने पालथी घालीत हिंडत होती. तेवढ्या सात दिवसांत आम्ही जी ओरड केली ती साऱ्या महाराष्ट्राने ऐकली, आणि ऐकावी अशीच ती होती. परंतु त्याच पावसाने डोंगरातली एक चिमुकली गाडी तीन वर्षे बंद पडली, याची बातमी मी तेव्हा वाचली असेल तर ‘सहली’ या सदरातच वाचली असणार.

अर्थशास्त्र शिकवणारे माझे एक स्नेही आहेत. त्यांच्याजवळ मी हे सारे सांगितले तेव्हा ते म्हणाले, की दरसाल दरडी उपसायच्या, दर काही वर्षांनी मार्ग नव्याने बांधायचा आणि शंभर-दीडशे माणसे वर न्यायची, हा व्यवहार कोणत्याही हिशेबात बसत नाही. दोर टाकून पाळणे सोडावेत आणि मोकळे व्हावे. हिशेब त्यांचा खरा असेल. मला त्यावर एवढेच सुचले, की डेन्व्हरची गाडी बर्फ पडले की सुरू होते. तिथल्या ऋतूला गाडी हवी असते, कारण बर्फ हाच तिथला माल आहे. आमचा ऋतू मात्र गाडीला घरी बसवतो. इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी २०२३ च्या जुलैत एका रात्रीत दरडीखाली गेली. ती याच मुलखात, माथेरानच्या कड्यांवरून दिसणाऱ्या डोंगरावर. तेव्हा पावसात नेरळची गाडी थांबवतात ते योग्यच करतात. प्रश्न उरतो तो वरच्या तीन किलोमीटरांचा, आणि तो बर्फावर घसरणाऱ्यांच्या गाडीला कधीच पडत नाही, कारण संध्याकाळी सगळे जण तिच्यातून घरी परततात. ‘म्हणजे तुमचे म्हणणे काय?’ स्नेह्यांनी विचारले. मी म्हटले, ‘गाडीचा जमाखर्च मांडताना एक रकाना जूनपासून पुढचा ठेवा.’ ते हसले. अर्थशास्त्रज्ञ हसला म्हणजे त्याला पटले की कंटाळा आला हे कळत नाही.

परतीच्या दिवशी सकाळी आम्ही शटलने अमन लॉजपर्यंत आलो. डब्यात पाहुणे थोडेच होते. दोन कॉलेजची मुले वह्या उघडून बसली होती, एक बाई डाळीच्या पिशव्या उतरवून घेण्यासाठी दारातच उभी होती, आणि कोपऱ्यात एक म्हातारे गृहस्थ काठीवर हनुवटी टेकून झोपले होते. वीसेक मिनिटांचा प्रवास. बाहेर झाडांतून ऊन उतरत होते आणि तांबड्या मातीवर माकडांच्या सावल्या नाचत होत्या. कोणी बाहेर पाहत नव्हते. आम्ही दोघेच पाहत होतो.

दस्तुरीला टॅक्सीत बसताना पत्नी म्हणाली, ‘आता एकदा श्रावणात येऊ. धुक्यात.’

‘श्रावणात नेरळची गाडी नसते,’ मी म्हटले.

‘शटल असते की. मोटारीने इथवर यायचे आणि पुढे तिच्यात बसायचे. त्या बाईंनी सांगितलेय, छत्री उपयोगाची नाही, इरले आणा.’

‘आणि गुडघे?’

‘ते माझे आहेत,’ ती म्हणाली, आणि ड्रायव्हरला जरा सावकाश घ्यायला सांगितले.